हवामास्तर

मी चौथी पास. पाचवीला नाव घातलं होतं, पण बाप म्हणाला, सही करता येतीय ना, बास झालं, आता गुरांमागं जा. तरीसुद्धा आज कुणी शिकलेला पुढ्यात येऊन बसला की मी त्याला एक प्रश्न घालतो. दोन वाटण्या रॉकेल पुरतं जळायला प्राणवायूच्या किती जोड्या लागतात? शिकलेला खिशातला फोन काढतो. मग मीच सांगतो, सदतीस. जळून चोवीस वाटण्या कर्बवायू होतो आणि सव्वीस वाटण्या पाण्याची वाफ. डावीकडं मोजा, उजवीकडं मोजा. एक दाणा कमीजास्त निघाला तर मिशी उतरवीन.

हे मला गुंजाळ मास्तरांनी शिकवलं.

परवा आमची विहीर साफ करायला जांब्याकडची माणसं आली होती. त्यातल्या एकानं काठाच्या दगडातला गंजलेला आकडा दाखवून विचारलं, "आजोबा, ह्याला काय बांधायचे? म्हैस?"

मी म्हटलं, "कंदील."

तो हसला. विहिरीच्या काठाला कंदील कशाला, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि त्या कंदिलाचं पुढं काय झालं ते सांगणारा तर आता मी एकटाच उरलोय. म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन तपासणारानं दुसरीकडं बघावं.

आमच्या भागात नवीन हायस्कूल निघालं, साठ सालानंतरची गोष्ट, तेव्हा मास्तर नगरकडून बदलून आले. बायको-पोरं तिकडंच गावी. हायस्कूल म्हणजे देवळाशेजारची धर्मशाळा आणि पुढं पत्र्याचा मांडव. शास्त्र विषयाला एक कपाट होतं, त्यात एक तराजू आणि चार काचेच्या नळ्या. त्यातली एक येतानाच तडकलेली. मास्तरांना राहायला जागा हवी होती. आमच्या घराला गोठ्याच्या अंगाला एक खोली रिकामी होती, ती आईनं दिली.

माणूस पहिल्या दिवशीच माझ्या डोक्यात गेला. उंच, वाळकुडा, कोट घातलेला, नाकावर जाड चष्मा. खोलीत पाऊल टाकलं, ट्रंक अजून हातातच, आणि वर-खाली बघून म्हणाला,

"किसनराव, हवा कुठून येते?"

मला तोवर कुणी किसनराव म्हटलेलं नव्हतं. किशा नाहीतर इंजिनवाला. बरं वाटलं, पण प्रश्न आवडला नाही.

"दारातनं येती. आमाला तितनंच येती."

"आणि जाते कुठून?"

"ती पण दारातनंच जाती की. दोन दारं कशाला लागत्यात तिला?"

मास्तर हसले नाहीत. डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढत राहिले. काळजी लागली की ते असं करायचे, म्हणजे दिवसभरच. मग म्हणाले, समोरच्या भिंतीला वीतभर खिडकी पाडून द्याल का? मी सांगितलं, भिंत माझ्या बापानं बांधलीय, तिला भोक पडणार न्हाई. विषय संपला. मास्तरांनी खाट दाराला लावली. मुळशीचा पाऊस कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, घरातलं मीठ विरघळून जातं. त्या पावसात हा माणूस दार उघडं टाकून निजायचा. सकाळी खाटेचे पुढचे दोन पाय पाण्यात असायचे आणि मास्तर पाय पोटाशी घेऊन पुस्तक वाचत असायचे.

आईच्या चुलीपाशी येऊन विचारायचे, "मावशी, धूर कुठून जातो?" भजनाला बत्ती लावली की बत्तीकडं, मग खिडक्यांकडं, मग माणसांकडं बघायचे आणि ओठ हलायचे. लोकांना वाटायचं, अभंग म्हणतायत. ते मोजत असायचे. चहाच्या हाटेलात भट्टीपासून चार हात लांब, दाराशी बसायचे. आधी पोरांनी नाव पाडलं, मग सगळ्या वाडीनं उचललं, हवामास्तर. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, चालेल, चुकीचं नाही.

एकदा आईनं न राहवून विचारलं, "मास्तर, एवढं भेताय कशाला? येवढा शिकलेला माणूस तुमी."

"मी भीत नाही, मावशी. मी मोजतो." कानाची पाळी ओढून म्हणाले, "मोजलं की भीती वाटते, ते निराळं."

मला ह्या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो माझ्या इंजिनामुळं. मी आणि धाकटा भाऊ दत्तू, दोघांनी मिळून एक जुनं इंजिन घेतलं होतं. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. पंचक्रोशीत तेव्हा दुसरं नव्हतं. उरवड्यापासून लोक बघायला यायचे. ते उघडून परत जोडणारा मी एकटा, हे मी कुणाला सांगायची गरज नव्हती, तरी सांगायचो. तर ते एकदा खोकायला लागलं. प्लग काढला की काळाकुट्ट, पुसून घातला की घटकाभर चालायचं, परत काळा. तीन दिवस मी त्याच्याशी झुंजत होतो. मास्तर शाळेतून येताना थांबले. प्लग हातात घेतला, काजळी बोटाला लावून बघितली.

"ह्याला हवा कमी पडतेय."

"मास्तर, तुमाला जळंल तितं हवाच दिसती. इंजिन हाय हे, मांजर न्हाई गुदमरायला."

"ही काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. जेवायला बसवला आणि वाढलंच नाही, तसा परत आलाय. हवा आत घेणारं तोंड कुठंय?"

मला राग आला होता. तरी ते निघून गेल्यावर मी हवेची जाळी सोडून बघितली. भाताचा कोंडा गच्च भरलेला. झटकली आणि हँडल मारलं, तर इंजिन पहिल्या दमात उचललं. मास्तरांना मी हे सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज ऐकला असणार. जाता जाता बांधावरून नुसती मान हलवली.

तेव्हापासून मी संध्याकाळी ओट्यावर त्यांच्यापाशी बसायला लागलो. शाळेत नळ्या नाहीत, वायू नाहीत, पोरांना कसं दाखवायचं म्हणून मास्तर दाण्यांवर धडा रचायचे. चिंचोका म्हणजे कार्बन. तांदळाचा दाणा म्हणजे हायड्रोजन. पावट्याचा दाणा म्हणजे प्राणवायू. पण प्राणवायू हवेत एकटा नसतो, जोडीनं असतो, म्हणून दोन-दोन पावटे दोऱ्यानं बांधलेले. जळणं म्हणजे काय, तर हे दोरे सोडायचे आणि नवी बिऱ्हाडं मांडायची. एका चिंचोक्याजवळ दोन पावटे, तो कर्बवायू. दोन तांदळांजवळ एक पावटा, ते पाणी. मधे खडूची रेघ. रेघेच्या डावीकडं जेवढे दाणे, तेवढेच उजवीकडं. हरवायचा नाही, नवा आणायचा नाही.

"आणि एखादा सापडला नाही तर?" मी विचारलं.

"तर तो कुठंतरी लपलेला असतो. आणि जिथं लपलेला असतो तिथंच घात करतो."

सगळ्यात सोपा वायू त्यांनी म्हशी डुंबायच्या डबक्यातनं काढला. काठीनं चिखल ढवळायचा, बुडबुडे आले की पाण्यानं भरलेली उलटी बाटली वर धरायची. सगळी वाडी जमली. मास्तरांनी सगळ्यांना वीस-वीस पावलं मागं सरकवलं, गवताची गंजी कुठंय ते तीनदा बघितलं, वारा बघितला, मग काडी लावली. बाटलीच्या तोंडाशी निळी ज्योत फक्क झाली. म्हातारा शंकरआबा म्हणाला, "म्हशी एवढी वर्सं हितं डुंबत्यात, आन तू आज आग लावलीस." लोक हसले. मास्तर मात्र घामानं निथळत होते. रात्री त्याच वायूचे दाणे मांडले. एक चिंचोका, चार तांदूळ, पावट्याच्या दोन जोड्या. बरोबर जुळलं.

त्याच्या पुढचा वायू अडला. दोन चिंचोके, सहा तांदूळ. चिंचोक्यांना चार पावटे, तांदळांना तीन, झाले सात. म्हणजे साडेतीन जोड्या. मास्तरांनी पुढं मांडणं थांबवलं. म्हणाले, "जोडी तोडून अर्धी आणता येत नाही. आता काय करायचं, किसनराव?"

मी दाण्यांकडं बघत बसलो. आमच्याकडं इर्जिक असते. पेरणीच्या आधी सगळे आपापल्या बैलजोड्या घेऊन एकाच्या रानात येतात, मग दुसऱ्याच्या. माझ्या मनात आलं, एका रानाला साडेतीन जोड्या लागत असल्या, तर अर्धी जोडी कोण आणणार?

"दोन रानं एका दमात धरायची," मी म्हटलं. "सगळंच दुप्पट करा. सात जोड्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे पोरांना समजवायला मला दरवर्षी आठवडा लागतो," म्हणाले. ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलंय. ज्याला खोटं वाटत असंल त्याला वाटू दे.

आता कंदिलाचं.

मास्तर आले त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात देवळामागची जुनी विहीर उपसायची ठरली. वर्षानुवर्षं पाला सडलेला. दोन गडी कासोटा मारून उतरायला निघाले, तेवढ्यात मास्तर आडवे आले. म्हणाले, आधी कंदील सोडा. दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. वर काढून परत पेटवला, परत सोडला, त्याच जाग्यावर विझला, जशी काय कुणी फुंकर मारावी. दोन्ही गडी काठापासून मागं सरले. मास्तर म्हणाले, दिवा जिथं जगत नाही तिथं माणूस जगत नाही. मग लिंबाच्या फांद्या दोराला बांधून दिवसभर खालीवर केल्या, हवा खेळवली. संध्याकाळी कंदील तळाला जाऊन जळत राहिला, तेव्हाच गडी उतरले.

त्या दिवसापासून हवामास्तर हे नाव चेष्टेचं राहिलं नाही. वाडीतल्या प्रत्येक विहिरीच्या काठाला आकडा ठोकला गेला आणि आकड्याला दोरी-कंदील. उतरायचं तर आधी मास्तरांचा कंदील. बायका पोरांना दटावायच्या, कंदील सोडला का? बाकी शहाणपण आमी कुणाचं ऐकत नाही, पण हे ऐकलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात आमच्या विहिरीचं पाणी पार खाली गेलं. रानात कांदा उभा. इंजिन काठावर असलं की ठराविक खोलीपर्यंतच पाणी ओढतं, त्याच्याखाली गेलं की नुसतं घरघरतं. तेव्हा सगळे करायचे तेच आमी केलं. तीन वासे उभे केले, वर कप्पी बांधली आणि इंजिन विहिरीच्या आत, खडकाच्या टप्प्यावर उतरवलं. धुराचा पाइप आखूड होता, हातभर. काठापर्यंत न्यायला लांब पाइप आणावा लागला असता. दत्तू म्हणाला होता, "दादा, पाइप वर काढू या का?" मी म्हटलं, "विहीर काय बंद पेटी हाय? वर आख्खं आभाळ मोकळं हाय." हे मी म्हटलं होतं. इथं लिहून ठेवतो.

मास्तरांच्या मागं परीक्षेची गडबड, त्यांचं रानाकडं येणंच झालं नव्हतं. इंजिन उतरवल्याला तीन दिवस झाले होते. सकाळी मी ओट्यावर बसलो होतो आणि मास्तर त्या दिवशीच्या धड्याची तयारी करत होते. तोच सहा तांदळांचा वायू, दुप्पट केलेला. चार चिंचोके, बारा तांदूळ मांडले आणि पुरचुंडी उघडली, तर पावट्याच्या पाचच जोड्या. बाकीच्या आईनं आदल्या दिवशी उसळीत घातल्या होत्या.

"आई, मास्तरांचा प्राणवायू खाल्ला तू," मी ओरडलो.

"आरं, दोरं बांधून कुणी पावटं ठेवतं का? मला वाटलं, पोरांनी खेळ मांडलाय!" आई आतून म्हणाली.

मी मास्तरांना म्हटलं, "पाचच हायेत. मग जळणार न्हाई का?"

मास्तर पुढं वाकले. "जळेल. पण कसं, ते बघा." बारा तांदळांचं पाणी झालं, त्यात सहा पावटे गेले. उरले चार. आणि चिंचोके चार. एकेकाला दोन मिळायला हवे होते, मिळाला एकेक. डावी-उजवी बाजू बरोबर जुळली होती.

"हिशोब जुळला की," मी म्हटलं.

"जुळला. हीच वाईट गोष्ट आहे. हा कार्बन अर्धपोटी राहिला. हा निराळा वायू. ह्याला वास नाही, रंग नाही. माणसाच्या रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतसुद्धा नाही. झोप येते, एवढंच."

मी हसत म्हटलं, "मग आमच्या इंजिनाला विहिरीत पावटं पुरतायत का बघायला पायजे."

"इंजिन विहिरीत आहे?"

"तीन दिस झालं. पर भिऊ नका. तुमचा कंदील सोडल्याबिगर दत्तू पाय टाकत न्हाई."

मास्तरांनी कानाची पाळी ओढली. मग म्हणाले, "बरं. कंदील सोडता ना? मग बरं." आणि दाणे गोळा करून शाळेला गेले.

दुपारच्या आधी इंजिन बंद पडलं. तोच जुना रोग, प्लग काळा झाला असणार. दत्तूनं कंदील पेटवला, दोरीनं टप्प्यापर्यंत सोडला. कंदील झकास जळत होता, ज्योत हललीसुद्धा नाही. दत्तू भिंतीतल्या दगडांवर पाय देत खाली उतरला, पाना काढला आणि प्लग सोडायला बसला. मी काठावर बसून तंबाखू मळत होतो.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी पळत येताना दिसलं. कोट उडतोय, एक वहाण पायात, एक नाही. शाळेपासून आमचं रान दीड मैल. ढेकळांतून, वाळल्या खाचरांतून, भर उन्हात मास्तर धावत येत होते आणि ओरडत होते. काय ओरडतायत ते आधी कळेना. मग कळलं.

"कंदिलाचं ऐकू नका! कंदिलाचं ऐकू नका!"

पलीकडच्या खाचरात बाळू धनगरानं मेंढरं बसवली होती. तो उठून उभा राहिला. "मास्तरला ऊन लागलं जनू," म्हणाला.

मास्तर काठावर येऊन कोसळलेच. हातात खडू तसाच होता. "वर घ्या त्याला. किसनराव, वर घ्या."

"अहो, दमानं. कंदील बघा की. कसा जळतोय! तुमचाच कंदील हाय."

"तो कंदील जळणारच. त्याला पुरेल एवढा प्राणवायू आहे तिथं. हा वायू दिवा विझवत नाही. दत्तू! वर ये!"

"मागल्या साली तुमीच म्हणला, दिवा जगला की माणूस जगतो."

"मी चुकलो," मास्तर म्हणाले. "अर्धंच सांगितलं. मी चुकलो, किसनराव."

चौथी पास माणसापुढं हायस्कुलाचा मास्तर असं म्हणतोय, हेच मला कळेना. मी अजून वाद घालायच्या बेतात होतो. तेवढ्यात खालून दत्तूचा आवाज आला. निवांत, झोपेतून बोलावं तसा.

"दादा, मी पाना कुटं ठेवला रं?"

पाना त्याच्या हातात होता. मी वरून बघत होतो. तो हातातल्या पान्याकडं बघत होता आणि पाना हुडकत होता.

मी उडी घ्यायच्या तयारीनं पुढं झालो. मास्तरांनी मागून कवळ घातली. त्या वाळक्या माणसात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. मी कोपर मारलं, त्यांचा चष्मा उडून विहिरीत पडला. तरी मिठी सुटेना.

"सोडा! भाऊ हाय माझा!"

"तुम्ही उतरलात की दोन होतील. मोजा! दोन होतील!"

मोटेचा जुना नाडा, जाड दोर, काठाला पडलेला होता. बाळू पळत आला होता, त्यानं फास टाकला. मी खाली सोडला. दत्तू टप्प्यावर बसला होता, डोकं इंजिनाला टेकलेलं. मी हाका मारल्या, शिव्या घातल्या. तो वर बघून हसला आणि परत डोळे मिटायला लागला. तेव्हा मास्तर विहिरीत वाकले. चष्मा नाही, त्यांना खाली काही दिसतही नसणार. पण वर्गात काढतात तसा आवाज काढला.

"दत्तात्रय! उभा राहा! हात वर!"

दत्तू सातवीपर्यंत शाळेत होता. शाळा सुटून दहा वर्षं झाली होती. पण त्या आवाजाला तो भिंतीला धरून उठला आणि त्यानं उजवा हात वर केला. पहिला फास चुकला. दुसरा चुकला. मास्तर ओरडतच होते, हात खाली घेऊ नको, हात खाली घेऊ नको. तिसरा फास हातातून डोक्यावरून काखेत गेला. मी, बाळू आणि मास्तर, तिघांनी ओढलं. दगडाला घासून त्याचा गुडघा सोलून निघाला. टप्प्यावर कंदील जळतच होता.

बांधावर वाऱ्याला दत्तूला निजवला. मास्तर कोटानं वारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं त्याला उलटी झाली, मग रडायला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेला. दोन दिवस उलट्या, महिनाभर डोकं दुखत होतं. पण राहिला. पुढं लग्न झालं, नातवंडं बघितली.

मास्तर त्या दिवशी संध्याकाळी जेवले नाहीत. आई ताट घेऊन गेली तर भिंतीकडं तोंड करून बसलेले. "मावशी, सकाळी मी बरं म्हणालो," एवढंच म्हणाले. शाळेत काय झालं ते मला मागून कळलं. फळ्यावर तेच चार कार्बन, बारा हायड्रोजनचं समीकरण, पाच जोड्यांचं, लिहीत होते. उजवी बाजू पुरी झाली, खाली एक रेघ ओढली, आणि तसेच खडू घेऊन बाहेर पडले. काय दिसलं त्यांना त्या रेघेत, तेच जाणोत.

मी दुसऱ्या दिवशी पहार घेतली आणि बापानं बांधलेल्या भिंतीला हातभर खिडकी पाडली. मास्तर शाळेत होते. आले, बघितलं. खाट दारापासून ओढून खिडकीखाली लावली.

पण मास्तर सुटले नाहीत. नवा चष्मा यायच्या आधीच, ठेचकाळत, विहिरी-विहिरीला जाऊन सांगायला लागले. कंदील विझला तर उतरू नका. आणि आत इंजिन चाललं असेल, तर कंदील जळला तरी उतरू नका. लोक वैतागले. मागल्या साली एक, औंदा दुसरंच. शंकरआबा म्हणाला, "मास्तर, मग आता काय सोडायचं? कोंबडा?"

मास्तरांनी खरंच विचार केला. "कोंबडा कंदिलापेक्षा बरा," म्हणाले. "पण त्याचंही एकट्याचं ऐकू नका. धुराचा पाइप काठाच्या वर काढा. इंजिन बंद झालं की हवा खेळू द्या. उतरणाराच्या कमरेला दोर बांधा."

सगळे हसले. हवामास्तर हे नाव परत चेष्टेचं झालं. पोरं लांबून ओरडायची, कंदिलाचं ऐकू नका! मास्तर थांबून त्यांना म्हणायचे, शाबास, हेच लक्षात ठेवा. मला त्या पोरांना चोपावंसं वाटायचं.

मला मात्र मास्तर रोज विचारायचे, "किसनराव, पाइप आणला?" इंजिन पावसाआधी वर काढलेलं होतं, घाई नव्हती. मी म्हणायचो, आणू. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी चिडायचो. ज्यानं चूक केली त्याला ती कुणी रोज दाखवू नये. मास्तर माझी चूक दाखवत नव्हते, स्वतःची मोजत होते, हे मला तेव्हा उमगलं नाही. ते विचारत राहिले, म्हणूनच मी आणला नाही. असा माझा स्वभाव. त्याला इलाज नाही.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी मी ट्रंक डोक्यावर घेऊन येष्टीच्या थांब्यावर गेलो. कडाक्याची थंडी. मास्तर गाडीत चढले ते बसायच्या आधी एकेक खिडकी उघडत मागं गेले. आतले लोक बोंब मारायला लागले, "ओ गुरुजी, लावा ती! पोरगं गारठतंय हितं!" मास्तर त्यांना काहीतरी समजावत होते, बोटं मोजून दाखवत होते. डायव्हरनं गाडी चालू केली. मागून काळा धूर निघाला. मास्तरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आधी धुराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उन्हाळ्यात इंजिन परत उतरवणार?"

"उतरवावंच लागंल."

"पाइप?"

त्यांचा हात कानाच्या पाळीला गेला होता. त्या माणसाला तसा, कान ओढत जाऊ द्यायला माझं मन होईना.

"आणलाय," मी म्हटलं. "दोन हात वर काढलाय काठाच्या."

मास्तरांचा हात खाली आला. एवढ्या दिवसांत मी तो तसा कधी बघितला नव्हता, मोकळा, खिडकीच्या कडेवर टेकलेला. "बरं," म्हणाले. आणि लगेच घाबरून माझ्या तोंडाकडं बघायला लागले, जसा काय तो शब्द परत घ्यायचा असावा. तोवर गाडी हलली होती. वळणावर दिसेनाशी होईस्तोवर ते खिडकीतून डोकं काढून माझ्याकडंच बघत होते.

मी घरी गेलोच नाही. तिथंच थांबलो. पुढच्या येष्टीनं पुण्याला गेलो, पाइप आणायला. चढल्याबरोबर दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या. शेजारचा म्हातारा थंडीनं कुडकुडत मला शिव्या देत होता. मी त्याला सांगितलं, "वरडू नका. किती माणसं हायेत बघा, आन खिडक्या किती. मोजा."